ताईनं मागितलेले कलदार

सातारच्या शाळेत मी गणित शिकवत असे, आणि मला गणित येतं याचा मला भारी ताठा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्याचं खापर मी दिवसांवर फोडतोय असं कुणाला वाटायला नको. दिवस वाईट होतेच. पण चूक माझी होती.

माझी थोरली बहीण मोगलाईत दिली होती. निजामाच्या राज्याला आमच्याकडे सगळे मोगलाईच म्हणत. मिरजेला छोट्या गाडीत बसलं की कुर्डुवाडी, बार्शी करत ती लातूरला पोचवायची, आणि तिथून चार कोसांवर बैलगाडीच्या वाटेनं ताईचं गाव. दाजी तिथल्या कचेरीत कारकून. भाषा तीच, सणवार तेच, जेवणही जवळजवळ तेच. पण बार्शी मागे पडली की पैसा बदलायचा. आपला रुपया तो कलदार, तिकडचा तो हाली. सहा कलदारांना सात हाली असा साधारण भाव असे. गावातला वाणी मात्र हातात कलदार ठेवला तरी हालीच्याच भावानं माल द्यायचा आणि वर उपकार केल्यासारखा चेहरा करायचा. म्हणून मी जाताना पैसे सांगलीतच बदलून घेई.

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीजेला मी ताईकडे जायचो. आठ दिवस राहायचो, दाजींबरोबर पत्ते खेळायचो, कुणाच्या तरी शेतावर जायचो. माझी सुट्टी म्हणजे तीच. ओवाळणी मी हालीतच घालत असे, कारण ती तिला तिथेच खर्चायची असे. सातारहून सांगलीला घरी आलो की चहा पिऊन मी हळदीच्या एका आडत्याच्या पेढीवर जायचो. जैन गृहस्थ, वयानं माझ्या वडिलांएवढे. त्यांची हळद मोगलाईत जायची आणि तिचे पैसे हालीत परत यायचे, त्यामुळे त्यांच्याकडे हाली नेहमी मिळे. वजनकाट्यापलीकडे गादीवर बसून ते माझ्याशी भावावरून हुज्जत घालत आणि शेवटी गूळ-पाणी देत. त्या हुज्जतीची मला दरवर्षी गोडी असे.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीच्या दिवाळीआधी ताईचं पोस्टकार्ड सातारला आलं. एरवी तिची पत्रं लांबलचक, पोरांच्या खोड्यांनी भरलेली. या कार्डावर चारच ओळी होत्या. "यंदा भाऊबीजेला नक्की ये. पुढल्या दोन-तीन वर्षांची ओवाळणी यंदाच घाल. कलदार घाल, हाली नको. आईला नमस्कार."

मला हसू आलं. ताई पाटल्यांसाठी पैसे साठवते आहे हे मला माहीत होतं, आणि आता ती भावाला आगाऊ लुटायला निघाली आहे असं मी शाळेत दोघाचौघांना सांगितलंही. पोस्टातून चाळीस रुपये काढले. दीड वर्षाची शिल्लक होती ती. मी काही कंजूष नव्हतो. हे लिहिताना मला ते सांगावंसं वाटतं, याचीही लाज वाटते.

सांगलीला आईनं कार्ड हातात घेतलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"हिचं अक्षर असं का झालंय रे?"

"घाईत लिहिलं असेल."

"आणि कलदार कशाला हवेत तिला?"

"तिला भाव कळत नाही, म्हणून."

"कळो न कळो. मागितलंय तसं दे की."

"आई, हिशेब मला कळतो," मी म्हटलं. आईनं कार्ड माझ्या हातात परत दिलं. वडील गेल्यापासून घरातले आकडे माझ्याकडे होते आणि त्याबाबतीत ती माझ्यापुढे बोलत नसे. तिनं त्या दिवशी बोलायला हवं होतं, माझ्या कानाखाली एक ठेवून द्यायला हवी होती.

पेढीवर गेलो तर ओसरीवर माणसं बसली होती. हळदीचे शेतकरी वाटत नव्हते. गाठोडी, एक पितळी घागर, मांडीवर झोपलेलं मूल. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. माझ्या आधी एक माणूस गादीपुढे उभा होता. अंगात चांगला कोट, पण पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. त्यानं हालीच्या नोटांचं पुडकं पुढे ठेवलं. आडत्यांनी भाव सांगितला. त्यानं मान हलवली, मिळाले तेवढे कलदार घेतले आणि न मोजता खिशात घालून निघून गेला. घासाघीस नाही, चकार शब्द नाही. काय बावळट माणूस आहे, असं मी मनात म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं.

"या मास्तर," आडते म्हणाले. "जाणार व्हय यंदाबी?"

"जाणार तर. काय भाव?"

"सहाला नऊ."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. सहाला सातचे साडेसात झाले तर आम्ही गावभर बोलायचो, आणि हा माणूस नऊ म्हणत होता. माझ्या चाळीस कलदारांचे साठ हाली होत होते. नेहमीच्या भावानं पन्नासही झाले नसते. मी ते तोंडी करून आडत्यांना सांगितलंसुद्धा.

"हिशेब बरुबर हाय तुमचा," ते म्हणाले. "पर मास्तर, हळद एकदम स्वस्त झाली, तर मी आदी पोत्यात हात घालून बघतो, कीड लागलीया का म्हणून. ह्यो पैसा का स्वस्त झालाय, इचारलं का कुणाला?"

"आपल्याला काय करायचंय? मी काही पोतं विकत घेत नाही. आठ दिवस राहायचं आणि परत यायचं."

"ह्या खेपंला जाऊ नका, आवं."

मी त्यांना ताईच्या कार्डाची गंमत सांगितली. बघा, बायकांना भाव कसा कळत नाही, हाली इतके स्वस्त असताना कलदार मागते आहे. मला वाटलं होतं ते हसतील. त्यांनी ओसरीवरच्या माणसांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"कलदार मागितल्यात तिनं? मग कलदारच न्या की."

"तिचं नुकसान करू?"

 त्यांनी पेटी उघडली आणि साठ हाली मोजून दिले. त्या दिवशी गूळ-पाणी विचारलं नाही, आणि तेही माझ्या नंतर लक्षात आलं. चाळिसातला एकही कलदार मी शिल्लक ठेवला नाही. प्रवासापुरते काय ते वेगळे होते.

मिरजेहून निघालेली गाडी नेहमी दिवाळीत खच्चून भरायची. त्या वर्षी बार्शीनंतर आमच्या डब्यात पाच माणसं उरली. समोरून येणारी गाडी मात्र टपापर्यंत भरलेली होती. हद्दीच्या नाक्यावर खाकी कपड्यांतल्या तरुण रझाकार पोरांनी माझी पिशवी उलटी केली, चिवड्याचा डबा उघडून त्यात हात घातला. हाली पाहिले, परत दिले. मला मनातून बरं वाटलं की पिशवीत कलदार नव्हते, परतीचे होते ते आतल्या खिशात, नाहीतर प्रश्न विचारले असते. म्हणजे तिथेही मी स्वतःला शाबासकीच दिली.

ताईचं घर तसंच होतं, पण पुढच्या खोलीत दाजींच्या वरच्या साहेबाचा कुणी पाहुणा येऊन राहिला होता. तो दिवसभर तिथेच बसायचा. आम्ही पत्ते काढले नाहीत. दाजी हळू बोलत. पोरं अंगणात खेळत नव्हती.

भाऊबीजेला ताईनं ओवाळलं आणि मी तबकात साठ हाली ठेवले. ऐटीत ठेवले. तिनं तबकाकडे पाहिलं. मग ते देवापुढे नेऊन ठेवलं.

"खूप घातलीस," ती म्हणाली. मग स्वयंपाकघरात मला हळूच विचारलं, "कलदार नाही आणलेस?"

मी तिला भाव समजावला. वर्गात समजावतो तसा, मोठ्या आवाजात, बोटांवर मोजून. ती चुलीकडे तोंड करून ऐकत होती.

"तुझ्याजवळ आहेत ना थोडे? तेवढे तरी दे. त्याबदली हे हाली घे, जास्त घे."

"अगं, ते परतीचे आहेत," मी म्हटलं. "बार्शीपलीकडे हाली घेऊन मी जाऊ कसा? तिकीट कोण देईल मला?"

हे मी माझ्या तोंडानं बोललो. ती माझ्याकडे बघत राहिली, आता तरी याला कळेल अशा नजरेनं. मला काही कळलं नाही. पुढच्या खोलीत तो पाहुणा खाकरला आणि ताईनं भाकरी उलटली.

दाजी मला लातूरपर्यंत सोडायला आले. फलाटावर दोनदा काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं. शेवटी एवढंच म्हणाले, "तिच्यावर रागावू नका. हिशेब तुमचाच बरोबर आहे." गाडी सुटल्यावर ते हात न हलवता उभे राहिले. 

त्यानंतर ताईची दोन कार्डं आली, दोन्हींवर फक्त खुशाली. मग तीही थांबली. तिकडे आता कलदार चालत नाहीत असा हुकूम निघाल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. फाल्गुनात शाळेच्या कामानं सांगलीला आलो होतो, तेव्हा मागल्या वर्षीचे राहिलेले दोन-तीन हाली बदलावेत म्हणून पेढीवर गेलो. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. एक बाई पदरात हालीचा ढीग घेऊन उभी होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, "ह्याचे कलदार किती? कलदार किती?"

"आता भावच न्हाई, बाई," आडते तिला सांगत होते. "कुनी घेतच न्हाई, तर मी काय देऊ?"

मी तिथेच उभा राहिलो. पोस्टकार्ड उघडं असतं, ते कुणीही वाचतं. सरकारी कारकुनाच्या बायकोनं त्यावर आणखी काय लिहायचं होतं? तिला घर सोडून निघायचं होतं, आणि निघालेल्या माणसाला पलीकडे चालणारा पैसा लागतो. हे त्या ओसरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोटातल्या त्या बावळट माणसाला तर दिवाळीतच ठाऊक होतं.

त्या आठवड्यात मी उसनवार करून पन्नास कलदार जमवले आणि निघालो. बार्शीपुढचं तिकीट देत नव्हते. दोन दिवस स्टेशनवर बसून परत आलो. आईला काय सांगितलं ते आठवत नाही.

चैत्रात एका दुपारी सांगलीच्या घरापुढे टांगा थांबला. ताई उतरली, तिच्यामागून तिची दोन्ही पोरं, मुलगी आणि धाकटा मुलगा. सामान काही नव्हतं. आईनं टांग्यात वाकून पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं.

"आणि जावई कुठायत?"

"मागून येताहेत," ताई म्हणाली.

जेवणं झाल्यावर तिनं सगळं सांगितलं. आडवाटेनं हद्दीपार सोडणारा एक गाडीवान होता. तो माणशी पाच कलदार घ्यायचा. लहान-मोठं काही बघायचा नाही. दाजींनी त्याच्यापुढे हाली ठेवले, साठच्या साठ, वर घरातले होते नव्हते ते. गाडीवान म्हणाला, ह्याचं मी पलीकडे करू काय? ताईचे कानातले विकून, मिळेल तिथून गोळा करून कलदार सोळा जमले होते. दाजींनी पोरांना गाडीत बसवलं, मग तिला. उरलेला एक तिच्या हातात दिला, आणि म्हणाले, परवा दुसरी फेरी आहे, तोवर पाच कुठूनही मिळवतो.

"चारच कमी पडले," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्याजवळ परतीचे आठ होते, आणि ते तिनं मागितले होते. तिनं तो विषय तेव्हा काढला नाही आणि पुढेही कधी काढला नाही. तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते.

दाजी परवाच्या फेरीला आले नाहीत. त्यानंतरच्याही नाही. भाद्रपदात तिकडचं राज्य संपलं आणि रस्ते मोकळे झाले, तेव्हा मी पहिल्या गाडीनं गेलो. घराला कुलूप होतं. कचेरीतल्या लोकांनी सांगितलं, चैत्रात एका सकाळी ते लातूरच्या बाजूला चालत जाताना दिसले होते. कुणाकडे तरी कलदार आहेत असं म्हणत होते. त्यापुढे कुणाला काही माहीत नव्हतं. मी विहिरीवर विचारलं, स्टेशनवर विचारलं, दवाखान्यात विचारलं. पंधरा दिवसांनी परत आलो.

ताई दारातच उभी होती. मी काही बोलण्याआधी तिनं माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं, मग आत गेली आणि माझं पान वाढलं. ती अजून कुंकू लावते. पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली, आई गेली. सगळ्या घराला काय ते ठाऊक आहे, पण तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही, आणि माझी तर होणारच नाही.