टेलिफोनच्या तारेतून ट्यूबा

कुवेतच्या युद्धाच्या त्या हिवाळ्यात सौदीतल्या दम्माममध्ये सगळं मिळत होतं, फक्त कोरी कॅसेट मिळत नव्हती. अमेरिकन सैनिक आले आणि दुकानांची फडताळं धुऊन गेले. बॅटऱ्या गेल्या, चिकटपट्ट्या गेल्या, कॅसेटी गेल्या. चिकटपट्टी आम्हालाही हवी होती, कारण विषारी वायू येणार अशी आवई होती आणि जो तो खिडक्यांच्या फटी बुजवत सुटला होता. पण माझं खरं दुःख कॅसेटचं. आम्ही लोक घरी पत्र लिहीत नसू, बोलत असू. शुक्रवारी टेपरेकॉर्डरसमोर बसायचं, अर्धा तास बोलायचं आणि गावाकडे निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत कॅसेट सारायची. मी तर पत्रात दोन ओळींवर अडकणारा माणूस. कॅसेटवर मात्र मला कुणी आवरू शकत नसे. बायको मधेच उठून जाऊ शकत होती, पण ते मला दिसत नव्हतं.

मी एका व्यापारी फर्मच्या दुरुस्ती विभागात होतो. दुकानाच्या मागे लांबट खोली, तीन टेबलं, एक एसी. नाशिकचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आणि त्याच्या चौपट तोरा घेऊन मी तिथं दाखल झालो होतो. आमचे फोरमन रत्नागिरीकडचे, वीस वर्षं दम्माम बघितलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांचं आणि माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. त्यांनी मला ‘इंजिनियर’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते कौतुक नाही हे कळायला मला तीन महिने लागले.

तो सैनिक आला तेव्हा युद्ध अजून सुरू व्हायचं होतं. बंदरावरून उत्तरेकडे ट्रक नेणारा गडी. बुटका, रुंद, मिशीवाला. टेक्सासचा, पण आईबाप मेक्सिकोचे. त्यानं दाराच्या रुंदीपेक्षा लांब अशी काळी पेटी माझ्या टेबलावर ठेवली, तीसुद्धा माझ्या डब्यावर. आत सिंथेसायझर. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात पोरं वाजवतात तसा, पण वापरून झिजलेला, दोन पट्ट्यांचे कोपरे उडालेले.

“आतली बॅटरी संपत आलीये. ती बदल,” तो म्हणाला. “बाकी कशाला हात लावू नकोस. पुढचं मी करीन.”

पुढचं मी करीन! डिप्लोमा माझा आणि पुढचं ट्रकवाला करणार! त्याच क्षणी तो माझ्या डोक्यात गेला. मी विचारलं, “वाजवतोस काय यावर?”

त्यानं वाजवून दाखवलं. डाव्या हाताला जाड, पोटातून येणारा पितळी आवाज, उम्-पा उम्-पा. उजव्या हाताला तुताऱ्यांचा ताफा, मग अकॉर्डियन, आणि सगळं असं धावत होतं की टेबलावरचे स्क्रू नाचायला लागले. त्याच्या मुलखातल्या लग्नांत यावर जोड्या नाचतात, एकेक नाच अर्धा तास चालतो, असं तो म्हणाला. मला खरं म्हणजे ते आवडलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं:

“आमच्याकडे हे वरातीत वाजतं. फक्त आमच्यात पंधरा माणसं असतात आणि ती खरी असतात.”

त्यानं वाजवणं थांबवलं. वाद्याचं बटण बंद केलं. मग नुसतं म्हणाला, “बॅटरी.” आणि गेला.

चाचा पलीकडून बघत होते. “गिऱ्हाइकाला जोडा मारायची कला नाशकात शिकवतात काय रे?”

दुसऱ्या दिवशी मी बॅटरी बदलली. सोल्डरिंग झकास झालं, हे आजही छाती ठोकून सांगेन. पेटीत वाद्य परत ठेवताना झाकणाच्या आतल्या खिशात एक कॅसेट दिसली. वर स्पॅनिशमध्ये काही खरडलेलं. मी ती लावून बघितली. आत गाणं नाही, बोलणं नाही, नुसता किर्रर्र आवाज. उलटी केली, तरी तोच किर्रर्र. वाळूनं खराब झालेली दिसते, असं मी ठरवलं. वाळूनं कॅसेट खरखरते, दोन ठरावीक सुरांत किंचाळत नाही, एवढं कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. पण मी डिप्लोमाहोल्डर.

त्याच दिवशी आमच्या बिल्डिंगमधला एकजण नाशिकला निघाला होता. माझ्याकडे कॅसेट नव्हती. आणि इथं एक बिघडलेली कॅसेट कुणाच्या तरी खिशात उगाच पडली होती. मी ती उचलली. चोरी हा शब्द मला तेव्हा सुचलाच नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी गळत होती, तिच्या वॉल्व्हची दुरुस्ती कशी करून घ्यायची यावर मी बायकोला पंचवीस मिनिटं मार्गदर्शन केलं. युद्धाबद्दल शेवटी अर्धं मिनिट. कॅसेट गेली.

मग युद्ध सुरू झालं. सायरन, मास्क, आकाशात फुटणारी स्कड क्षेपणास्त्रं, सगळं. चौथ्या दिवशी तो सैनिक वाद्य न्यायला आला. मास्कची पिशवी मांडीला बांधलेली, डोळे तांबारलेले. त्यानं वाद्य सुरू केलं आणि पट्टी दाबली. उम्-पाच्या जागी शिट्टी आली. दुसरं बटण, शिट्टी. तिसऱ्याला काहीतरी भांडं घासल्यासारखं. मी स्क्रूड्रायव्हर उचलला. त्याला मात्र काहीच आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. बॅटरी काढली की आवाज पुसले जातात, हे त्याला ठाऊकच होतं. तो शांतपणे म्हणाला, “आता पुढचं मी करतो,” आणि त्यानं झाकणाच्या खिशात हात घातला.

हात तिथंच राहिला.

“कॅसेट कुठंय?”

“कसली कॅसेट?” मी म्हणालो.

आयुष्यात मी बऱ्याच थापा मारल्या, पण इतकी पडेल थाप दुसरी नाही. चाचा टेबलावरून उठले. त्यांनी माझी मान धरली नाही, पण आवाज तसाच होता. “मेल्या, तू सांगतोस की मी सांगू? तूच इथं बसून ऐकत होतास ना ती किरकिर?”

मी सांगितलं. टाकीच्या वॉल्व्हसकट.

त्यानंतर सैनिक जे बोलला ते मी शिव्या वगळून देतो, त्यामुळे मजकूर निम्म्याच्या खाली येतो. ती किरकिर म्हणजेच सगळे आवाज होते. वाद्याच्या पोटातली माहिती त्या किंकाळीच्या रूपानं कॅसेटवर उतरवून ठेवता येते आणि पुन्हा आत भरता येते. वाद्याबरोबरच्या पुस्तकात त्यावर अख्खं पान होतं. ते वादकांसाठी असेल म्हणून मी ओलांडलं होतं.

आणि ते आवाज विकतचे नव्हते, त्याच्या थोरल्या भावानं घडवलेले होते. त्यांचा घरचाच बँड. काका ट्यूबा वाजवायचा, म्हणजे अंगाभोवती अजगरासारखं गुंडाळून घ्यायचं ते पितळी धूड. भावानं तीन महिने खपून त्या काकाचा ट्यूबा मशीनमध्ये बनवला आणि काकाला घरी बसवलं. मग दोन तुताऱ्यावाले गेले. शेवटी अकॉर्डियन, म्हणजे हा स्वतः. याला मशीनवर बसवलं. सगळी लग्नं एका पेटीवर व्हायला लागली. फौजेतून बोलावणं आलं तेव्हा भावाशी कडाक्याचं भांडण झालं, आणि हा पठ्ठ्या निव्वळ खुन्नस म्हणून ते वाद्य ट्रकमध्ये घालून युद्धावर घेऊन आला. “वाजव म्हटलं आता तोंडानं!”

“मग?” चाचांनी विचारलं.

“मग काय! भावानं काकाच्या पाया पडून त्याला परत आणलं. लोकांना आवडतंय म्हणे. पत्र आलंय, तुझ्यावाचून काही अडत नाही.” त्यानं वाद्यावर थाप मारली. “हे सगळे आवाज घेऊन मी परत गेलो तर मला जागा आहे. रिकामी पेटी घेऊन गेलो तर मी ट्रकवाला. परवा आम्ही उत्तरेला चाललोय.”

मी म्हणालो, “दुसरी बाजू!”

“काय दुसरी बाजू?”

“मी एकाच बाजूला बोललोय. मागच्या बाजूला तीच किरकिर तशीच आहे. नाशिकला.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू नाशिक चंद्रावर आहे आणि ते तिथं मीच नेऊन ठेवलंय.

कल्पना माझीच, आणि तिचा मला आजही थोडा अभिमान आहे, लाज जास्त. किंकाळी म्हणजे आवाज. आवाज टेलिफोनमधून जातो. बायकोनं नाशिकला रिसीव्हरशी टेप लावायचा, मी दम्माममध्ये रिसीव्हरशी टेप धरून रेकॉर्ड करायचं. कोरी कॅसेट नव्हतीच, चाचांनी शिव्या घालत आपली कव्वालीची एक दिली. आमच्या घरी फोन नव्हता, खालच्या मजल्यावरच्या वकिलांकडे होता. त्यांच्याकडे निरोप ठेवला: उद्या दुपारी, टेपरेकॉर्डर घेऊन बसणे.

टेलिफोन ऑफिसच्या केबिनबाहेर रांग अशी की शेवटचा माणूस रस्त्यावर. युद्धामुळे जो तो घरी कळवायला आलेला. दीड तासानं माझा नंबर लागला. सैनिक काचेला टेकून उभा, चाचा त्याच्या शेजारी. सोबत म्हणून नव्हे, पहारा म्हणून.

“अहो, तुम्ही ठीक आहात ना?” बायको.

“ठीक आहे. अगं, ती कॅसेट उलटी करून लाव.”

“इथं आम्ही रेडिओला कान लावून बसलोय, आणि तुम्हाला कॅसेट? ती पंचवीस मिनिटं टाकी टाकी केलीत, ते पुरलं नाही? टाकी मी कधीच नीट करून घेतली. तुमच्या वॉल्व्हशिवाय.”

“लाव गं! मागची बाजू!”

“मागच्या बाजूला भोंगा वाजतोय. आईंनी घाबरून बंद करायला लावला. वकीलकाकू बघतायत माझ्याकडे.”

“तोच भोंगा मला ऐकव. रिसीव्हर जवळ धर आणि एक अक्षर बोलू नकोस.”

“लग्नानंतर पहिल्यांदा मनातलं बोललात,” ती म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

किर्रर्र सुरू झालं. मी टेप रिसीव्हरला चिकटवून, श्वास रोखून उभा. बाहेर रांग तापली. “ओ भाई, बीवी से बात कर रहा है या मशीन से?” एकानं काचेवर बुक्की मारली. दुसरा हिंदीत इतरांना समजावून सांगत होता की हा इराकला खबर देतोय. ते वाक्य रांगेतून पुढं सरकत सरकत दारावरच्या शिपायापर्यंत पोचलं. तो आला, केबिनचं दार उघडलं, रिसीव्हरला कान लावला. त्याचा चेहरा बदलला. त्यानं अख्खा पंजा हूकवर दाबला.

“खलास!”

नाशिक बंद. त्यानं माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, घेतला, टेप घेतला, आणि मला भिंतीशी उभं केलं. चाचा त्याच्याशी अरबीत बराच वेळ बोलले. शिपाई एकदा माझ्याकडे बघून हसला, मग इकामा आणि टेप परत दिला आणि दाराकडे बोट केलं: पुन्हा दिसू नकोस.

“काय सांगितलंत?” मी बाहेर आल्यावर विचारलं.

“सांगितलं, बायकोनं याला सोडलंय, म्हणून हा भोंगा ऐकतो. खोटं असलं तर तिला विचार.”

वर्कशॉपमध्ये आम्ही टेप वाद्याला जोडला. छोट्या पडद्यावर एक आकडा आला. मग थांबला आणि ‘चूक’ अशी अक्षरं लुकलुकली. सैनिकानं पहिलं बटण दाबलं आणि डाव्या हाताची पट्टी.

उम्-पा.

पोटातून आलेला, जाड, दमदार. टेबलावरचे स्क्रू हलले. मी चाचांचा हात पकडला, त्यांनी तो झटकला. सैनिकानं दुसरं बटण दाबलं: शिट्टी. तिसरं: शिट्टी. त्यानं शेवटपर्यंत सगळी बटणं दाबून पाहिली, शिस्तीत, एकेक.

“भावानं ज्या क्रमानं माणसं काढली त्याच क्रमानं आवाज ठेवलेत,” तो म्हणाला. “पहिला काका. एवढ्या सगळ्यांतून तू एकच माणूस वाचवलास, आणि तोच बँडमध्ये परत आलाय.”

मी म्हणालो, “हे बघ, कॅसेट अजून शाबूत आहे. नाशिकहून कुणी आला की मागवतो. तुझा पत्ता दे, मी पाठवीन.”

तो वाद्य पेटीत ठेवत होता. “पत्ता?” त्यानं झाकण लावलं. “माझं पाकीट उघडून घे की. तुला सवय आहे.”

ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. चाचांनी माझ्यासमोर एक बिघडलेला रेडिओ सरकवला. “इंजिनियर, बॅटरी बदल. फक्त बॅटरी.”

युद्ध संपलं, कॅसेट आली. बंदरावरून परतणारे ट्रक मी बरेच दिवस बघत होतो. बुटके, रुंद, मिशीवाले पुष्कळ निघाले. पावतीवर त्याची सही आहे, पण तिचं एक अक्षर लागत नाही. दोन तुताऱ्यावाले आणि एक अकॉर्डियनवाला आजही आमच्या कपाटात आहेत, मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला मी वॉल्व्ह डावीकडे फिरवायला सांगतोय.

मधे एकदा कपाट आवरताना बायकोला विचारलं, ही पुसून टाकू का?

“भोंग्याची बाजू राहू दे,” ती म्हणाली. “दुसरी पुसा.”