बाविसावी पायरी

आमचे व्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात झाडूवाले होते, चौतीस वर्षं. त्या जुन्या शहरातली गल्ली न् गल्ली त्यांच्या पायाखालची. लेकीला भेटायला गेलो की मला पायी हिंडवायचे. "ही बुटकी कमान बघा व्याही, भले भले प्राध्यापक इथं आपोआप नम्र होतात!"

निवृत्त झाल्यावर त्यांना एकच हौस, पाहुण्यांना शहर दाखवायचं. त्यासाठी विद्यापीठाचा बिल्ला लागतो आणि बिल्ल्यासाठी परीक्षा. एकही चूक चालत नाही म्हणे. आणि हे नापास! ग्रंथालयाच्या दारापुढं पायऱ्या किती? विद्यापीठाच्या माहिती-पुस्तिकेत एकवीस. यांनी लिहिलं बावीस.

माझं डोकंच फिरलं. ज्यानं रोज त्या पायऱ्या झाडल्या, त्याला आकडा शिकवणार कोण, तर जो मोटारीतून खाली पाय ठेवत नाही तो! व्याह्यांचा हात धरला नि थेट परीक्षेच्या अधिकाऱ्यापुढं उभा राहिलो.

"आजोबा, अभ्यास करून छापलंय ते," साहेब म्हणाला.

"मोजून छापायचं होतं," व्याही म्हणाले. "खाली चला, दाखवतो."

खाली मोजल्या. एकवीसच भरल्या. साहेब मिशीत हसला. व्याह्यांनी वाकून कडेच्या गटाराची जाळी उचलली. आत बाविसावी पायरी, काळीभोर, मधोमध झिजलेली. जुना रस्ता न उखडता त्यावर दरवेळी नवं डांबर ओतलं, रस्ता चढत गेला आणि पायरी गडप झाली!

साहेब खजील झाला असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. तो म्हणतो कसा, "पुस्तिका बदलायला समिती बसावी लागते. तुम्ही एकवीस लिहा, उद्या बिल्ला घेऊन जा. उगाच वाद नको. माणसानं आपली पायरी ओळखावी."

"ओळखली म्हणून तर दाखवली, साहेब. पुरली तुम्ही."

एकवीस काही त्यांनी लिहिलं नाही. बिल्लाही मिळाला नाही. माझा संताप अजून जिरत नाही. आपल्या हातानं झाडलेली पायरी नाही म्हणायची, तीही एका पत्र्याच्या तुकड्यासाठी?

व्याही मात्र रोज सकाळी नऊला ग्रंथालयापाशी हजर असतात. मागं दहा-पंधरा माणसं. परवा रखवालदारानं हटकलं, "बिल्ल्याशिवाय लोकांना फिरवता होय?"

"मी कुठं फिरवतोय बाबा? मी फिरतोय. म्हातारपणी मोठ्यानं बोलायची खोड लागलीय, एवढंच."

असं म्हणून ते वाकले आणि जाळी उचलली.