तीन पाने जास्त

चैत्र वद्य तृतीया, गुरुवार. हजर: हेडमास्तर, मी, पटावरच्या बत्तीसपैकी एकोणतीस मुले आणि दापोऱ्याची पानवाली बाई.

दुष्काळी मदतीचे जेवण सुरू झाले तेव्हा आमच्या मिडल स्कूलचा पट भराभर वाढला. मग प्लेगात तीन मुले गेली. ही बाई रोज दुपारी केळीची पाने मांडून घुगऱ्या वाढते. कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही. तिचे नाव मी कधी विचारले नाही.

आजही तिने बत्तीस पाने मांडून सगळ्यांवर वाढले.

मी म्हटले, "बाई, उद्या इन्स्पेक्टर येणार. मेलेल्यांच्या नावानं वाढलेलं दिसलं तर सगळ्यांचंच जेवण बंद होईल. ती तीन नावं मी आज काटतो."

"काटा ना, मास्तर. नाव काटलं म्हनून भूक थोडी काटते?"

जेवणानंतर ती तिन्ही पाने रिकामी होती.

"कावळे," मी म्हणालो.

"कावळ्याच्या चोचीनं पान फाटते, मास्तर. हे बोटानं पुसेल हाये."

मी पाने उजेडात धरली. एकही चीर नव्हती.

उद्याचे कागद तयार आहेत: पट, हजेरी, हरभऱ्याचा साठा. लाल शाई कालवून ठेवली आहे. तीन नावांवर रेघ मारायची तेवढी राहिली आहे.