नाव नसलेला दोर

संयुक्त महाराष्ट्रासाठी बंद होता, फणसवाडीतली सगळी दुकानं मिटलेली. म्हणून मी चालत रे रोडच्या धक्क्यावर गेलो. तिथे गलबतांचे दोर विकणारा एक म्हातारा खलाशी मांडीवर काथ्या वळत बसला होता.

"दोर द्या," मी म्हटलं.

"काम काय ता सांगा. नांगराक बांधलो तर त्येका 'आलात' म्हणतत, शिडाक लावलो तर येगळा नाव. गलबतार नुसतो दोर नसता."

मोर्च्यात गोळी लागून गेलेल्या शेजाऱ्याची तिरडी बांधायची होती, पण मी एवढंच म्हटलं, "दोन बांबू बांधायचेत."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि सुंभाची गुंडी हातात दिली.

"याला काय म्हणतात?" मी कसंबसं विचारलं.

"ह्येका आमी नाव ठेवूक नाय."