मोहनमाळेच्या मागावर

आमच्या घरात देव्हारा नव्हता, चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा होता. मी अक्षरं त्यावरच गिरवली. निजामाच्या काळात कंधारजवळच्या एका गावात पाण्यासाठी विहिरीवर चढली म्हणून आपल्या दलित वस्तीतल्या एका बाईला ठार मारलं आणि तिच्या गळ्यातली मोहनमाळ गायब झाली, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

तिची धाकटी बहीण ब्याऐंशीच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडत होती. नव्या पत्रकासाठी मी तिला गाठलं. माझा आवेश ऐकून ती मावशी म्हणाली, "ते राहू दे. नातीची सोयरीक अडून राहिली. पोराचा बाप म्हणतो, ती मोहनमाळ पोरीच्या गळ्यात घाला. आम्हीच लपवली म्हणतात."

"पण माळ होती का?"

"काळे मणी होते. सोनं आम्ही सोनाराच्या दुकानात बघितलं, तेबी बाहेरून."

घरी येऊन मी पत्रकं जमिनीवर मांडली. ताज्यात माळ पाच तोळ्यांची, त्याआधीच्यात तीन, त्याआधी नुसतीच माळ. प्रत्येकानं मागच्याचं उतरवलेलं. सर्वांत जुन्याच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं: जलशातल्या गाण्यावरून.

ते गाणं रचणारे शाहीर लातूरला असल्याचं वडिलांना ठाऊक होतं. मी लातूर गाठलं, ते नुकतंच जिल्हा झालेलं. शाहीर एका पाटीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' रंगवत होते.

"बाबा, मोहनमाळेचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. वरच्या ओळीत 'आला काळ' होतं, त्याला माळ जुळली. टाळ कसा घालू? आपण काय भजनी मंडळ होतो?"

मी भडकले. "तुमच्या यमकापायी विहीर मागं पडली, खुनाचा दरोडा झाला. वर मावशीचं घर चोर ठरलं."

त्यांनी ब्रश डब्यात टाकला. "लई वाईट झालं, पोरी. चल."

सोयरिकीच्या बैठकीत शाहिरांनी हात जोडून सगळं सांगितलं.

"म्हणजे माळ न्हाईच?" पोराच्या बापानं विचारलं.

"न्हाई. मीच घडवली, तोंडानं."

बापानं मिशी चोळली. "बरं. नुसत्या पोरीवर भागवू. पण शाहीर, लग्नात गाणं तुमचंच. अन् त्यात आमच्याबी घरात थोडं सोनं घाला."

मावशी इतकी हसली की चहाला उशीर झाला. मी पत्रक लिहिलं, त्यात विहीर होती आणि विहिरीवर मारणारे होते.