बा, बटनं लाव

काचेला भोक होतं ते माझ्या पोटाच्या उंचीवर. बोलायचं तर कमरेत वाकायचं, तोंड भोकाशी न्यायचं आणि मग बोलायचं. आत खुर्चीत बसलेल्या बाबूच्या तोंडासमोर ते बरोबर यायचं. त्याच्या सोयीनं पाडलेलं. बाहेरचा माणूस उभा असतो हे काच बसवणाऱ्याच्या डोक्यात आलंच नसेल. किंवा आलं असेल आणि त्याला ते आवडलं असेल.

मी वाकले. विचारलं, खानावळीच्या परवान्याचं काय झालं.

त्यानं गाव विचारलं. मी मसोली म्हणाले. मसोली नाही, मूळ गाव सांग, म्हणाला. सायवन, म्हणाले, आमच्या आदिवासी पाड्यांचं गाव. तेव्हा कुठे त्यानं मान वर केली. माझ्याशी नाही बोलला. शेजारच्या टेबलाकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "सायवनची आहे ही. चला, उद्घाटनाच्या नाचाची सोय झाली."

आत सगळे हसले. रांगेतलेही दोघं-तिघं हसले, ज्यांना अजून स्वतः वाकायचं होतं. मी तशीच वाकलेली. कानात हसू आणि डोळ्यांसमोर त्याच्या चहाचा कप.

ही एक खिडकी योजना. नगरपरिषदेनं सेवा सुधारली होती. आधी दुकानाचा परवाना, घर बांधायची परवानगी, नळजोडणी, सगळ्यासाठी या टेबलावरून त्या टेबलावर जावं लागायचं. आता एकाच खिडकीवर यायचं आणि खिडकीनं सांगितलं की या टेबलावरून त्या टेबलावर जायचं. टोकन देणारं मशीन होतं. ते बंद होतं, पण झळझळीत होतं. भिंतीवर मोठा बोर्ड होता, 'आपले समाधान हाच आमचा आनंद.' खिडकी कधीच सुरू झाली होती, उद्घाटन मात्र व्हायचं होतं. पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती.

आणि खिडकी एक असली तरी बाजूला दार होतं. समुद्राकाठी हॉटेल बांधणारे शेठ त्या दारानं जायचे. त्यांना खुर्ची मिळायची, चहा यायचा, नकाशा टेबलावर पसरायचा. त्यांना ते भोक कुठे आहे हेही ठाऊक नसणार.

माझी खानावळ म्हणजे मसोलीतला एक भाड्याचा गाळा. नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, डाळ, भात. चिकूच्या वाडीतले मजूर येतात, रिक्षावाले येतात. नवरा गेल्यावर मी ती काढली. परवाना नसेल तर अतिक्रमणाची गाडी येणार, शेगडी उचलून नेणार, हे मला सांगून झालं होतं. म्हणून मी खेटे घालत होते. एकदा गाळामालकाचं ना-हरकत पत्र हवं होतं, ते नेलं. मग त्याच्यावर शिक्का नाही म्हणाले. शिक्का आणला, तर सर्व्हर डाउन.

त्या दिवशी मात्र मला बाजूच्या दारानं आत बोलावलं. मोठ्या साहेबांनी. खुर्ची नाही दिली, पण हसले. म्हणाले, उद्घाटनाला एक तारपावाला आणा, तुमच्या कामात मी जातीनं लक्ष घालतो. मी सांगितलं, माझा बाच वाजवतो, पण आत्ता नाही वाजवणार. नवा भात घरात आला, कणसरीला, आमच्या धान्याच्या देवीला, दाखवला, नवं खाणं झालं, की मगच भोपळ्याचा तारपा फुंकायचा. आत्ता तर लावणी नुकती आटोपलीय.

साहेबांना वाटलं, मी भाव खातेय. म्हणाले, "विचारून तर बघा. परवाना तुम्हाला हवाय, मला नाही."

मी सायवनला गेले आणि बाला सगळं सांगितलं. नाचाची सोय झाली म्हणाले, ते नाही सांगितलं. मला वाटलं होतं, बा नाही म्हणेल आणि विषय संपेल. बानं विळ्याची मूठ चाचपली. मग म्हणाला, "त्यांनी मानानं बोलावलंय. नाय म्हणायचं, तर ते पण जाऊन सांगाया पायजे."

बाची ही रीत. कुणी वाजवायला बोलावलं आणि जमणार नसलं, तरी तो तारपा घेऊन त्या घरी जातो. तारपा दाखवतो, हात जोडतो आणि सांगतो, आत्ता नाही, पण अमुक वेळेला येईन. रिकाम्या हातानं नकार दिला तर समोरच्याचा अपमान होतो, असं त्याला वाटतं. आमच्या पाड्यात हे सगळ्यांना कळतं. पाणी देतात, बसवतात, बा परत येतो. नगरपरिषदही एक घरच असेल अशी त्याची समजूत.

उद्घाटनाच्या दिवशी बा एसटीनं आला. चुलीवरच्या आढ्याला टांगलेला तारपा उतरवून माझ्या आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला होता. अंगात पांढरा शर्ट, लग्नाला आणि मतदानाला घालतो तो. तांब्यात निखारे भरून इस्त्री केलेला. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. मला फार बरं वाटलं त्याच्याकडे बघून.

खिडकीला रिबीन बांधली होती. बंद मशीनला हार घातला होता. भिंतींवर फ्लेक्सवर छापलेली आमची चित्रं चिकटवली होती, गोल धरून नाचणारी माणसं. बा थेट साहेबांकडे गेला. लुगडं सोडलं, तारपा काखेत धरला, हात जोडले आणि सांगायला लागला की नवं खाणं झालं की मी नक्की येईन. साहेबांनी तारपा तेवढा बघितला. "हो हो, फार छान," म्हणाले आणि खिडकीच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे उभे राहा.

बा उभा राहिला. त्याला वाटलं, ऐकून घेतलं.

मग तो काचेमागचा बाबू आला. त्याच्या हातात पंचा होता आणि मोरपिसं लावलेली कसली तरी पट्टी. तो बाला म्हणाला, "शर्ट काढ, हे नेस. फोटोत आदिवासी वाटला पाहिजेस."

बा हळूच म्हणाला, "मी नाय वाजवायचा आज. नवं नाय खाल्लं अजून. तेच सांगाया आलो."

"वाजवायला कोण सांगतंय? नुसता तोंडाला लाव. स्पीकरवर लावणार आहोत."

त्यानं मोबाइलवर बोट ठेवलं आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून तारपा वाजायला लागला. कुणी तरी, कुठे तरी वाजवलेला. बा दचकला. आधी त्यानं हातातल्या तारप्याकडे बघितलं, मग स्पीकरकडे.

तेव्हा मला कळलं यांना काय हवं होतं ते. माझ्या बाचा श्वास नको होता. त्याचं वाजवणं, त्याचा मान, त्याचा नकार, काहीच नको होतं. त्याची उघडी छाती हवी होती फक्त. भिंतीवरच्या चित्रांना शोभेल अशी. आजवर या लोकांची मला भीती वाटायची. त्या क्षणी ती गेली आणि किळस आली. शिकलेली माणसं. पंख्याखाली बसून सही करण्याचा पगार घेणारी. सेवा सुधारायची म्हणून एवढा थाट, आणि त्यांच्या डोक्यातून निघालं काय, तर एक म्हातारा उघडा करायचा.

बानं माझ्याकडे बघितलं. त्याचा हिशोब मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. फुंकायचं नाही, म्हणजे कणसरीचा अपराध नाही. आणि पोरीचं काम होईल. त्याचा हात गळ्याशी गेला. वरचं बटण निघालं. मग दुसरं. बाबू पंचा झटकून तयार.

"बा, बटनं लाव," मी म्हणाले.

स्पीकरच्या वर जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. सगळे वळले. साहेब दातांत हसू धरून जवळ आले. "अहो बाई, तुमच्याच कामासाठी चाललंय हे."

मी म्हणाले, "माझं काम तुमच्या टेबलावर पडलंय. माझ्या बाच्या अंगावर काय शोधताय?"

पाहुण्यांची गाडी फाटकातून आत येत होती, साहेब तिकडे धावले. बाबू मात्र दातओठ खात म्हणाला, "ये आता खिडकीवर." बानं दोन्ही बटणं लावली. मी मदत केली नाही. त्याची त्यानंच लावायला हवी होती. मग तारपा लुगड्यात गुंडाळला आणि आम्ही निघालो.

नंतर कळलं की पंचा आणि मोरपिसं शिपायाच्या अंगावर चढवली. त्याला तरी कुणी विचारलं असेल, असं नाही. फोटो छान आला म्हणे.

एसटीच्या थांब्यावर बा म्हणाला, "मी नुसता धरून उभा राहिलो असतो गं. काय गेलं असतं?" मला त्याचा राग आला. एवढ्या वर्षांत कुणी त्याला एकदाही हे सांगितलं नव्हतं की तुला नाही म्हणता येतं, हात न जोडता. मीही नव्हतं सांगितलं. तिथे सांगितलं. त्यानं ऐकलं. मग विचारलं, "परवाना नाय ना मिळायचा आता?"

नाही मिळाला. अर्जात त्रुटी निघाली. कुठली, ते सांगत नाहीत. अतिक्रमणाची गाडी आली, शेगडी आणि बाकडं घेऊन गेली. मी गाळ्यामागे तीन दगड मांडले आणि भाकऱ्या थापायला लागले. गिऱ्हाईक तिथे येतं, उभ्यानं खातं. उद्या दगडही उचलतील. उचलू देत, दगड डोंगरात पुष्कळ आहेत.

पुढे भात झाला. कणसरीला दाखवला, नवं खाणं झालं. बा पाड्यात तारपा वाजवतो. नगरपरिषदेला मात्र त्यानं काही कळवलं नाही. कधी नव्हे तो दिलेला शब्द त्यानं मोडला, आणि त्याचं मला बरं वाटलं.

मी दर सोमवारी जाते. रांगेत उभी राहते. नंबर आला की काचेसमोर जाते आणि वाकत नाही. ताठ उभी राहून विचारते, माझ्या अर्जाचं काय झालं, आणि नाकारायचा असेल तर कारण लिहून खाली सही करा. काचेपलीकडे त्याला ऐकू जात नाही. तो भोकाकडे बोट दाखवतो, वाक म्हणून. मी तशीच उभी. पुन्हा बोट दाखवतो, पुन्हा मी तशीच. मागे रांग वाढत जाते, लोक कुरकुरतात, आतून साहेब डोकावतात. शेवटी त्याला चहा बाजूला ठेवून खुर्चीतून उठावं लागतं आणि काचेच्या वर तोंड काढावं लागतं.

तो नीट उभा राहीपर्यंत मी थांबते. मग पहिल्यापासून विचारते.