तिसऱ्या दिवसाची बाटली

आमच्या पाच वर्षांच्या लेकीला महिनाभर बारीक ताप होता, आणि लघवीत रक्त दिसलं. शेजाऱ्यांनी उष्णता ठरवून धण्याजिऱ्याचं पाणी पाजायला लावलं. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातले सिंधी डॉक्टर मात्र म्हणाले, "किडनी का टीबी हो सकता है. सुबह की पहली पेशाब लाओ, तीन दिन." उशीर झाला तर मूत्रपिंड काढावं लागेल, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

मी अंबरनाथहून सायकलीवर जायचो, बाटली पिशवीत, पिशवी हँडलला. दोन दिवसांत पू दिसला, जंतू नाहीत. तिसऱ्या दिवशी उतारावर मी दोन्ही हात सोडून पाहिले. का? उतार होता म्हणून. सायकल खडीत, मी सायकलखाली. बाटली शाबूत, पण रिकामी.

पोरीला लघवी करताना आग व्हायची. त्या सकाळी आईच्या मानेला विळखा घालून ती रडली, तेव्हा कुठे एवढीशी जमली होती. घरी काय तोंड दाखवणार? एका बराकीमागे गेलो आणि बाटली स्वतःच भरली.

डॉक्टरांनी ती उजेडात धरली, मग थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "वाह साईं! आज एकदम साफ. अपने आप उतर रहा है. सुई की जल्दी नहीं, महिनाभर देखेंगे."

मी "मेहरबानी" म्हणालो. म्हणालो चक्क! दारापर्यंत गेलोही. पण चपलेत पाय जाईना. महिनाभर!

परत वळलो. "डॉक्टरसाहेब, वो साफवाली... मेरी है."

"आपकी?"

"बच्ची की रास्ते में गिर गई."

"तो सुई किसको लगाऊं, साईं? उसको या आपको?" ते हसत नव्हते. बाटली मोरीत ओतून त्यांनी ती उकळून दिली. "कल फिर से. और माँ लाएगी."

घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, तिला तुम्हीच सांगा, उद्या परत करायचीय म्हणून."

मी लेकीपुढे उकिडवा बसलो. "बाळ, बाबांनी बाटली सांडली."

"सगळी?"

"सगळी."

तिने परकर दोन्ही हातांनी पायांशी घट्ट दाबून धरला.

सकाळी मला मोरीबाहेर उभं केलं होतं. आतून तिचं रडणं आणि मध्येच ओरडणं, "आई, बाबांना देऊ नको!"

बाटली पदराखाली धरून बायको पायी निघाली. त्या बाटलीतच जंतू सापडले. सुया त्याच आठवड्यात सुरू झाल्या.